घर परवडेल का? ब्रोशर बाजूला ठेवून करायचा हिशेब

माझी भाची आणि जावई एका रविवारी आले ते गुळगुळीत ब्रोशर आणि मोबाइलमधला एक मेसेज घेऊन. मेसेज बँकेच्या माणसाचा होता: तुम्हा दोघांना मिळून सत्तर लाखांपर्यंत कर्ज बसतं. दोघांचे चेहरे असे, की घर जणू झालंच.

मी बरीच वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे हे ‘बसतं’ कसं निघतं ते मला ठाऊक आहे. हातात येणाऱ्या दोघांच्या पगाराची बेरीज करायची, त्यातला साधारण निम्मा भाग हप्त्यांना जाऊ शकतो असं धरायचं, चालू हप्ते वजा करायचे आणि उरलेल्या रकमेत किती कर्ज मावतं ते काढायचं. तुम्ही गावाला किती पाठवता, वर्षभरात मूल हवंय का, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे, यातलं काहीही त्या गणितात नसतं. कर्ज वसूल होईल का, एवढंच बँक बघते. तुम्ही त्या घरात कसे राहाल हा तिचा प्रश्नच नव्हे, आणि त्याबद्दल मी तिला दोषही देत नाही. तो प्रश्न आपण आपल्याला विचारायचा असतो.

त्या दिवशी आम्ही दोनशे पानी वही घेऊन बसलो. जे केलं ते क्रमाने सांगते. आकडे त्यांचे आहेत, तुमचे वेगळे असतील. पायऱ्या मात्र याच क्रमाने चढा, कारण पुढच्या पायरीचा आकडा मागच्या पायरीतून येतो.

आधी खरा खर्च

ती 29 वर्षांची, तो 31. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,35,000: त्याचा 75, तिचा 60. वारज्यात 22 हजार भाड्याने राहतात. मी विचारलं, महिन्याला शिल्लक किती? जावई लगेच म्हणाला, "पन्नास हजार, मावशी." त्याने मोबाइलवर यादीही दाखवली. भाडं, किराणा-दूध-भाजी, वीज-इंटरनेट, पेट्रोल, कामवाल्या मावशी, गावी आईवडिलांना 10 हजार, विमा, बाहेरचं खाणं-कपडे, स्कूटरचा 5 हजारांचा हप्ता. बेरीज 85 हजार.

मग तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स उघडली, दोघांचीही, क्रेडिट कार्डासकट. शिल्लक निघाली 38 हजार. मधले 12 हजार कुणी उधळले नव्हते. एका महिन्यात चुलतभावाच्या लग्नाचा आहेर, एकात दाताचं रूट कॅनॉल, एकात फ्रीजचा कॉम्प्रेसर. आणि तिन्ही महिन्यांत दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या ॲपवरच्या बारीक बारीक खरेद्या, दोनशे-तीनशेच्या. भाची म्हणाली, "अगं, हे तर या वेळेपुरतंच होतं." या वेळेपुरतं असं काहीतरी दर महिन्याला असतंच. म्हणून यादीवर जाऊ नका, स्टेटमेंटवर जा. शक्य असेल तर मधे दिवाळी येईल असे महिने घ्या.

यातून हवा तो आकडा एकच: भाडं सोडून घरखर्च. त्यांचा 75 हजार. तो वहीत वर ठळक लिहून ठेवला.

72 लाखांचं घर 72 लाखांत येत नाही

ब्रोशरमधला फ्लॅट टू बीएचके, बांधकाम चालू, करारात 72 लाख. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली होती, "ऐंशी टक्के लोन होतं, तुम्हाला फक्त वीस टक्के भरायचे." वीस टक्के म्हणजे 14 लाख 40 हजार. यांच्याकडे एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून 18 लाख, शिवाय भाचीचे सासरे 5 लाख द्यायला तयार. म्हणजे सुटलं की!

जोडपी सगळ्यात जास्त पडतात ती इथे, म्हणून ही बेरीज ओळीओळीने करा:

करारातली किंमत: 72,00,000
जीएसटी 5 टक्के: 3,60,000
मुद्रांक शुल्क, पुण्यात 7 टक्के: 5,04,000
नोंदणी शुल्क: 30,000
दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ: 1,20,000
वकील, बँकेची फी, गहाणाची नोंद: 50,000
ट्रॉल्या, कपाटं, पंखे-दिवे, गीझर, जाळ्या, पडदे, सामान हलवणं: 4,00,000
एकूण: 86,64,000

यातल्या काही ओळींवर थोडं थांबायला हवं.

जीएसटी फक्त चालू बांधकामाला लागतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ओसी म्हणतात ते, मिळाल्यावर विकलेल्या घराला आणि रीसेलला तो नाही. 45 लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांना चालू बांधकामातही 1 टक्काच आहे, पण कार्पेटची, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेची, मर्यादा बघा: मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटर, पुण्यासारख्या शहरात 90.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरचा दर यांपैकी जे जास्त त्यावर बसतं. मुंबईत 6 टक्के, पुण्यात मेट्रो अधिभार धरून 7. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात 1 टक्का सूट आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही, आणि ‘बायकोचं नाव घातलं की सूट’ असं समजून आलेले कितीतरी लोक मी ऐनवेळी खिसे चाचपताना पाहिलेत.

शेवटच्या ओळीचं मात्र दरवेळी असंच होतं. जावई म्हणाला, "फर्निचर हळूहळू करू, मावशी." कपाटं हळूहळू होतात. स्वयंपाकघरातला ओटा आणि बाथरूममधला गीझर हळूहळू होत नाहीत. बिल्डर खिडकीला जाळी देत नाही, आणि पहिल्याच संध्याकाळी डास येतात. मुद्दाम काही थाटमाट न करता 4 लाख धरले. तुम्ही कमी धरा, शून्य धरू नका.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांत 80 टक्क्यांपर्यंत आणि 75 लाखांच्या वर 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मुद्रांक आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत. म्हणून आमच्या हिशेबात कर्ज 72 लाखांचे 80 टक्के, 57 लाख 60 हजार.

86,64,000 वजा 57,60,000. 29 लाख 4 हजार रुपये स्वतःचे. वीस टक्के नव्हे, किमतीच्या चाळीस टक्के! भाचीने आकडा दोनदा तपासला. मग ब्रोशर उलटं करून ठेवलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

पायाखालची जमीन आधी राखून ठेवा

18 लाख आणि सासऱ्यांचे 5, म्हणजे 23 लाख. पण सगळे ओतायचे नसतात. नव्या घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास जाणार. चार महिने पगारच आला नाही तरी दारात कुणी उभं राहू नये, एवढे तरी बाजूला हवेत. आम्ही 5 लाख वेगळे काढले. मी सहा महिन्यांचे म्हणत होते, पण दोघांच्या नोकऱ्या वेगवेगळ्या क्षेत्रांत आहेत, म्हणून चारवर तडजोड केली. दोघंही आयटीत आणि एकाच कंपनीत असते तर ऐकलं नसतं.

राहिले 18 लाख, आणि लागणार 29. खड्डा 11 लाखांचा.

हा खड्डा लोक कशाने भरतात? पर्सनल लोनने, क्रेडिट कार्डावरच्या ईएमआयने, गावच्या पतसंस्थेतून वडिलांच्या नावावर, मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं गहाण टाकून. ही सगळी कर्जं गृहकर्जापेक्षा महाग, मुदत तीन-चार वर्षांची, म्हणून हप्ता मोठा. घराचा हप्ता बसतो म्हणून घर घेतलेलं असतं, आणि माणूस बुडतो तो या बाजूच्या हप्त्यांत. डाउन पेमेंटसाठी दुसरं कर्ज काढावं लागत असेल तर ते घर आज तुमचं नाही. या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही.

सासऱ्यांच्या पैशांबद्दल एक अवघड प्रश्न विचारावाच लागतो: हे देणं आहे की उसनं? जावई गप्प झाला. विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, आत्ता फोन कर. वडील म्हणाले, "परत कशाला मागतोय रे." ठीक. आईवडिलांनी दिलेल्या भेटीवर मुलाला कर लागत नाही. एक साधं भेटपत्र करून रक्कम बँकेतून घ्या, म्हणजे बँकेने ‘हे पैसे कुठून आले’ विचारलं की कागद दाखवता येतो. पण त्याआधी एवढं बघा की ती त्यांच्या निवृत्तीची पुंजी नाही ना. असेल तर ते 5 लाख उद्या दवाखान्याच्या रूपाने तुमच्याकडेच मागायला येतील, आणि यायलाच हवेत. पीएफला मी शेवटपर्यंत हात लावू देत नाही.

उलटं गणित: रोख किती घर देते

आपण आधी घर आवडून घेतो आणि मग पैसे जुळवतो. हे उलटं करा. हाती असलेल्या रोखीवरून घराची किंमत काढा.

तयार, ओसी असलेल्या रीसेल घराला स्वतःचे लागतात: 20 टक्के डाउन पेमेंट, 7 टक्के मुद्रांक, 1 टक्का एजंट (2 मागणारेही भेटतात), म्हणजे 28 टक्के. त्यात नोंदणी, वकील-बँक आणि किमान सोय यांचे मिळून 4 लाख 80 हजार.

18 लाखांतून 4.80 गेले, राहिले 13.20. भागिले 0.28. 47 लाख.

आज त्यांची रोख 47 लाखांचं घर देते. भाचीचा चेहरा पडला, कारण मनात 72 लाखांची बाल्कनी होती. पण हा पहिला आकडा होता जो कुणी विकायला आलेल्या माणसाने सांगितला नव्हता.

रीसेलमध्ये दोन ठिकाणी ही रोख अचानक वाढते. एक, बँकेचा व्हॅल्युअर जुन्या इमारतीची किंमत सौद्यापेक्षा कमी लावतो. मग कर्ज त्या कमी किमतीवर मिळतं आणि फरक तुमच्या खिशातून जातो. दुसरं, विकणारा म्हणतो, "दहा लाख रोख द्या, करार कमीचा करू." कायद्याच्या दृष्टीने ते चूक आहेच, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्या दहा लाखांवर बँक एक पैसा कर्ज देत नाही. असा माणूस भेटला की चहा पिऊन निघायचं.

आता हप्त्याची बाजू

एक आकडा पाठ करून ठेवा. 20 वर्षांसाठी 8.5 टक्क्यांनी लाखाला 868 रुपये हप्ता. दर बँकेवर आणि तुमच्या सिबिलवर, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडलीत त्याच्या गुणांवर, ठरेल, पण दुकानात, बसमध्ये, साइटवर उभं राहून गुणाकार करायला हा पुरतो. 57.60 लाखांचा हप्ता जवळपास 50 हजार.

1,35,000 पैकी 50 हजार म्हणजे 37 टक्के. कोणतीही बँक म्हणेल, आरामात. आता वहीतला ठळक आकडा काढा. घरखर्च 75, हप्ता 50, मेंटेनन्स 5. झाले 1 लाख 30 हजार. हातात 5 हजार. रूट कॅनॉलवाला महिना आठवा.

शिवाय हे घर दीड वर्षाने मिळणार. तोवर बँकेने बिल्डरला जेवढे दिले तेवढ्यावर व्याज आणि इकडे भाडंही. साठ टक्के कर्ज दिलं गेलं असेल तेव्हा नुसतं व्याज महिन्याला साडेचोवीस हजारांच्या घरात, वर 22 हजार भाडं. चालू बांधकामाचं घर स्वस्त वाटतं तेव्हा हे दुहेरी महिने किमतीत मिळवून बघा.

म्हणून हप्ताही उलटाच काढायचा. पगार 1,35,000. त्यातून घरखर्च 75, मेंटेनन्स 4, आणि काहीही झालं तरी शिल्लक पडलीच पाहिजे असे 15 हजार. राहिले 41 हजार. हा जास्तीत जास्त हप्ता. 868 ने भागला तर कर्ज सव्वासत्तेचाळीस लाख, आणि ते 80 टक्के असेल तर घर 59 लाखांचं.

आता वहीत दोन आकडे झाले. रोख म्हणते 47, पगार म्हणतो 59. जो लहान तो आजचा खरा. आणि दोन्हींतलं अंतर तुम्हाला किती थांबायचं ते सांगतं. 59 लाखांच्या घराला स्वतःचे 21 लाख 32 हजार लागतात, हातात 18 आहेत, तूट 3 लाख 32 हजार. महिन्याला 38 हजार शिल्लक पडते. म्हणजे नऊ महिने. ‘अजून काही वर्षं थांबा’ असा मोघम सल्ला देण्यापेक्षा नऊ महिने म्हणता आलं की माणसं ऐकतात.

काहींच्या बाबतीत उलटं निघतं: गावची जमीन विकून रोख भरपूर, पण पगार तोकडा. त्यांनी कर्ज कमी आणि डाउन पेमेंट जास्त ठेवायचं, एवढंच.

दर वाढला तर

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. आजची बहुतेक गृहकर्जं रेपोला बांधलेली असतात, त्यामुळे अडीच टक्के जसेच्या तसे कर्जदारांच्या अंगावर आले. तेव्हा बँका हप्ता न वाढवता मुदत वाढवत होत्या आणि लोकांना कळायचंही नाही. पण त्यालाही हद्द असते. 7 टक्क्यांचा 20 वर्षांचा हप्ता लाखाला 775 रुपये. दर 9.5 झाला की लाखावर महिन्याचं नुसतं व्याजच 792. कर्ज नवंकोरं असेल तर हप्ता भरूनही मुद्दल तसूभर हलत नाही, उलट वाढतं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या. पत्र आलं तर ते उघडा आणि झेपत असेल तर हप्ता वाढवा.

तुमच्या वहीत एक ओळ अशी लिहा: दर दोन टक्क्यांनी वाढला तर? 10.5 टक्क्यांना लाखाला 998. सव्वासत्तेचाळीस लाखांवर हप्ता 41 चा 47 हजार होतो. त्यांच्या 15 हजारांच्या शिल्लकीतून 6 जातात, 9 उरतात. अवघड, पण मोडत नाही. 72 लाखांच्या घराला हीच वाढ साडेसात हजारांची आणि शिल्लक पाचच हजार होती. तिथे मोडतं.

मुदत 30 वर्षांची करा, हप्ता कमी होतो, असं कुणीतरी सांगेलच. 47 लाखांच्या घराच्या 37.60 लाखांच्या कर्जावर हप्ता 32,600 वरून 28,900 होतो, म्हणजे 3,700 वाचतात, आणि एकूण व्याज जवळपास 26 लाखांनी वाढतं. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड नसतो. म्हणून मुदत 20 वर्षं घ्या आणि बोनस आला की मुद्दलात टाका.

एक पगार थांबला तर

हा प्रश्न जोडप्यासमोर विचारताना आवाज जरा खाली येतो. पण विचारा. मूल, आजारपण, कपात, किंवा नुसतं ‘मला ही नोकरी सोडायची आहे’.

59 लाखांच्या घरात महिन्याला 1 लाख 20 हजार लागतील. तिचा पगार थांबला तर 45 हजार कमी पडतात, राखीव 5 लाख अकरा महिने पुरतील. त्याचा थांबला तर 60 हजार कमी, आठ महिने. कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा आहे, तेव्हा खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते, पाळणाघर किंवा बिनपगारी रजा. भाचीने शांतपणे सांगितलं, दोन वर्षांत आम्हाला मूल हवंय. जावयाने तिच्याकडे असं पाहिलं की माझ्या लक्षात आलं, हा आकडा त्यालाही नवा होता. घराच्या हिशेबात हे असं निघतंच, निघू द्या.

दोघांचाही साधा टर्म विमा कर्जाएवढा तरी असावा. कर्जासोबत एकरकमी हप्त्याची पॉलिसी चिकटवून ती रक्कम कर्जातच मिळवतात, मग वीस वर्षं तिच्यावरही व्याज. ‘याशिवाय फाइल पास होणार नाही’ असं म्हणाले तर ते लिहून मागा. लिहून देत नाहीत.

भाडं म्हणजे वाया, हे खरं का?

अर्धं. 57.60 लाखांच्या पहिल्या हप्त्यातले 40,800 रुपये व्याजाचे असतात, मुद्दलात जातात 9,200. भाड्याचे 22 हजार जसे परत येत नाहीत, तसे हे 40,800 ही येत नाहीत. पुढच्या पाच वर्षांत नोकरीसाठी शहर बदलायची शक्यता असेल तर भाड्यानेच राहा. 7 टक्के मुद्रांक आणि दलाली भरून निघायलाच काही वर्षं जातात. पण ‘भाड्याने राहून फरक गुंतवू’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण खरंच गुंतवतात, हे मी स्टेटमेंट्समध्ये पाहिलंय. शिवाय घरमालकाचा मुलगा अमेरिकेहून परत येतोय म्हणून महिन्याभरात घर खाली करावं लागलं, याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची, ते मलाही जमलेलं नाही.

करसवलतीच्या भरवशावर घर घेऊ नका. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर 2 लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत ती नाही, आणि बहुतेक तरुण आता नव्यातच आहेत. माझ्या गणितात करसवलत शून्य धरली आहे.

सही करण्याआधी

कागदपत्रांवर स्वतंत्र लिहावं लागेल. इथे फक्त हिशेब बिघडवणाऱ्या गोष्टी.

भाव कार्पेटवर काढा. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा, कार्पेट चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं, त्याला 10.764 ने गुणलं की चौरस फूट. तिथेच ताब्याची जाहीर केलेली तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली तेही दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. टोकनची पावती घ्या, आणि कर्ज नाकारलं गेलं तर टोकन परत मिळेल असं तिच्यावर लिहून घ्या.

रीसेलला सोसायटीचं ना हरकत पत्र, मूळ शेअर सर्टिफिकेट, ओसी आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी. ओसी नसलेलं घर स्वस्त मिळतं, पण बँक अडते आणि विकताना तुम्हीही अडता. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त 25 हजार. ‘देणगी’ मागितली तर नियम दाखवा.

50 लाख किंवा त्यावरच्या घराला विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आयकर आधीच, कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विसरलात तर दंड तुम्हाला. बँकेलाही आधी सांगा, नाहीतर ती पूर्ण रकमेचा चेक काढून मोकळी होते.

आणि नावं. कर्जात सहकर्जदार आणि करारात सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हप्ता दोघं भरणार असाल तर करारातही दोघांची नावं हवीत. कर्जात नाव आहे आणि करारात नाही, अशा बायका माझ्या टेबलासमोर रडल्या आहेत, एकदा एक नवराही.

तालीम

आता शेवटची पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. घर घेण्याआधीच हप्ता सुरू करा. खोटा हप्ता.

भाची-जावयाचा हिशेब असा: पुढे हप्ता 41 आणि मेंटेनन्स 4, म्हणजे 45 हजार. आज भाडं 22 हजार जातंच. फरक 23 हजार. पगार झाल्यावर 5 तारखेला ते 23 हजार एका वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड नाही आणि ज्यावर यूपीआय जोडलेलं नाही. वर 15 हजार शिल्लक म्हणून दुसऱ्या खात्यात. मिळून 38 हजार, म्हणजे त्यांची आज पडते तीच बचत. पण महिनाअखेरीला उरलेली रक्कम आणि 5 तारखेला आधी काढलेली रक्कम यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नऊ महिने जमलं तर तूटही भरून निघते. जमलं नाही तर 59 वरून किंमत खाली आणायची, आणि हे समजायला कुठल्याही बँकेची नोटीस लागत नाही.

पहिल्या महिन्यात 19 तारखेला भाचीचा फोन आला.

"मावशी, त्यातले चार हजार काढू का? गणपतीला गावी जायचंय, तिकिटं काढायचीत."

"बँकेकडून मागितले असतेस का?"

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, एसटीने जातो."